वीतभर मोठं सिंक

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल, म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. मी ठीक, पोटातलंही ठीक. फोन केला असता गं, पण फोनवर माझा आवाज फुटतो, आणि तो फुटला की पुढच्या खोलीतल्या दुकानात आमच्या मास्तरांच्या शिलाई मशीनचा आवाज लगेच बंद पडतो. मग ते दारात येऊन नुसते उभे राहतात. त्यापेक्षा कागद बरा.

तर बातमी अशी की आमच्या स्वयंपाकघराचं रणांगण झालंय. जुनं सिंक तळाला चिरलं होतं, खालच्या कपाटात सारखी ओल. प्लंबर बोलवूया म्हटलं, तर मास्तर म्हणाले, कापड कापतो तसा पाइप कापीन, त्यात काय एवढं! कितीतरी दिवसांनी मी खो खो हसले. पण माझं हसू फार टिकलं नाही. जो माणूस बोटभर कापड वाया जाऊ देत नाही, त्याने सिंक आणलं ते ओट्यातल्या जुन्या भोकापेक्षा चांगलं वीतभर मोठं, आणि खोल तर केवढं! मी भडकलेच. घरात माणसं दोन, आपण काय लग्नाची भांडी घासणार आहोत का? गळ्यातली टेप नीट करत ते एवढंच म्हणाले, माप बरोबर आहे. आता एवढ्यासाठी ओट्याचा दगड कापायचा म्हणे.

माझं काय चाललंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मला भीती वाटते, ताई. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात पोटावर जातो. न्हाणीघरात पाय ठेवताना, शिंक येताना, सगळं छान आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात तेव्हासुद्धा भीती वाटते. मागच्या खेपेलाही सगळं छानच होतं, याच महिन्यापर्यंत. म्हणून या खेपेला आम्ही घरात काही आणलेलं नाही, साधी सेफ्टीपिनसुद्धा नाही. ‘बाळ’ हा शब्द दोघंही उच्चारत नाही. मास्तरांनी तर तेव्हापासून लहान मुलांचं एकही काम घेतलेलं नाही. कुणी फ्रॉकचं कापड घेऊन आलं की हातात खूप काम आहे म्हणून परत पाठवतात, आणि त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठतात.

दगड कापायच्या दिवशी धूळ नको म्हणून त्यांनी मला समोरच्या काकूंकडे पाठवलं. सकाळपासून पोटात नुसती धावपळ चालली होती. ग्राइंडर सुरू झाला, त्याची किंचाळी काकूंच्या खोलीपर्यंत आली, आणि पोटात सगळं गप्प. ग्राइंडर थांबला तरी गप्प. मी साखरेचं पाणी मागून प्यायले, डाव्या कुशीवर आडवी झाले, बोटाने हळूच ढोसलं. काही नाही. काकू त्यांच्या गुडघ्यांची कहाणी सांगत होत्या आणि माझे हातपाय गार पडत चालले होते. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. दवाखान्यात जायचं म्हणून उठायला लागले, तेवढ्यात अशी सणसणीत लाथ बसली की मी मोठ्याने हसले. काकूंना वाटलं, गुडघ्यांनाच हसले. मास्तरांना यातलं काही सांगितलं नाही.

काल तर कहर झाला. नळाची जोडणी करून मास्तरांनी मेन कॉक उघडला आणि जोड निसटून पाण्याचा फवारा उडाला. आवाज ऐकून मी धावले. ओट्याखालून ते ओरडले, हलू नकोस! ताई, लग्न झाल्यापासून या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. मी दारातच खिळून उभी. कॉक बंद करून ते दुकानात पळाले, चिंध्या, कापडाचे तुकडे, गिऱ्हाइकाचं नवंकोरं अस्तरसुद्धा उचलून आणलं आणि माझ्या पायापासून पलंगापर्यंत ओल्या फरशीवर अंथरलं. मग मला धरून त्यावरून एकेक पाऊल चालवलं. त्यांचे हात थरथरत होते. एका झटक्यात सुईत दोरा ओवणारे हात गं ते! मला आजवर वाटायचं, भीती काय ती मला एकटीलाच आहे.

आज सकाळी सिंक बसलं. थेंबही गळत नाही. मी मागे उभी आहे हे मास्तरांना कळलं नव्हतं. त्यांनी गरम पाणी ओतलं, वर नळाचं गार सोडलं, सिंक अर्धं भरलं. भांडं एकही घेतलं नाही. बाही वर सारली आणि पाण्यात कोपर बुडवलं. थोडं थांबले, आणखी गार पाणी घातलं, पुन्हा कोपर. तुझ्या धाकट्याला तू सिंकमध्ये आंघोळ घालायचीस तेव्हा अशीच कोपराने पाणी बघायचीस, आणि हे दारात उभे राहून टक लावून बघत असायचे. मग त्यांनी पाण्यात हात आडवा ठेवला, तळवा वर करून, तान्ह्या जिवाची मान सावरल्यासारखा. कोपरापासून बोटांपर्यंत हात त्यात आरामात मावला. मी आवाज न करता मागे फिरले आणि पलंगावर बसून पोटभर रडले. माप बरोबर होतं, ताई.

म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला मी दवाखान्यातून यायच्या आत तू घरातली ती पिशवी नेलीस. मास्तरांनी शिवलेली झबली, टोपरी, सगळं. मागच्या दाराने, शालीखाली झाकून नेलीस, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. ती कुठे ठेवलीस हे मी कधी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. ती घेऊन ये. झाकू नकोस, पुढच्या दाराने, दुकानातून आण, मास्तरांच्या डोळ्यांदेखत. माझी भीती गेलेली नाही. आणि पुन्हा न्यायची वेळ आलीच, तर तेव्हाही तूच नेशील, म्हणून तुलाच बोलावतेय. पण आधी घेऊन ये. लवकर ये.

तू चिडवायचीस तीच, तुझीच
भित्री भागूबाई