सरांना दिलेला होकार

ती. बाबांना, जर्मनीतल्या आखनहून अहिल्येचा नमस्कार.

बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या राजांचा आपल्याला काय उपयोग, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याबद्दलच आज लिहितेय.

मी बरी आहे. खोलीतली मैत्रीण निशिगंधा पुण्याहून ज्वारीचं पीठ आणते, त्यामुळे भाकरी मिळते. ती इंजिनिअर होतेय. रोज चिडवते, "अगं, तुझा राजा नोकरी देणारे का?"

माझा प्रबंध अल्क्विनवर आहे. हा इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया राज्याचा पंडित इकडच्या राजाच्या दरबारात राहून तिकडच्या आपल्या राजाला पत्रांतून खडसावायचा, की अन्याय करू नकोस.

गेल्या महिन्यात माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पत्रांवर खूप लिहून झालंय. तू त्या राजांची नाणी घे." मी मान डोलावत "हो सर, हो सर" म्हणत राहिले. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नाही, हीच आपली सवय. इथे हो म्हणजे होच. त्यांनी विषय बदलूनही टाकला! इतकी चिडले मी स्वतःवर. राजाला सुनावणाऱ्या माणसाचा अभ्यास करते आणि सरांपुढे तोंड उघडत नाही.

आईचा गुडघा डॉक्टरांना दाखवलात, की नुसतं तेलच चाललंय?

सर नाराज झाले तर पुढचं शिफारसपत्र मिळणं अवघड आहे. तरी सोमवारी मी त्यांना भेटून "नाही सर, मला पत्रंच करायची आहेत" असं सांगितलं, आणि जुनाच विषय ठेवण्याचा अर्ज सही करून ऑफिसात देऊन आले.

तुमची लेक,
अहिल्या