काकूंनी वाचून मगच सही करावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकेचाळीस, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. मी मरायला टेकलेली नाही, पण उद्या सकाळी मला उचलून नेतील. कागदपत्रे नसलेल्या माणसाला नेले की खोलीला कुलूप लागते आणि मागे राहिलेल्यांना कुणी विचारत नाही, म्हणून आजच निरवानिरव करते.

उद्याचे मला कसे कळले? बेकायदा राहणाऱ्यांना पकडणाऱ्या खात्याचे गणवेश आमच्याच लाँड्रीत येतात. एरवी पाच-सहा. छत्तीस शर्ट एकदम आले आणि वर 'उद्या पहाटे सहापर्यंत' अशी चिठ्ठी असली, की दुसऱ्या दिवशी कुठली तरी गल्ली रिकामी होते. असे दोनदा पाहिले. आज तिसऱ्यांदा आले.

धुण्याआधी खिसे तपासायचे, हा आमचा नियम. एका खिशात चार घड्या घातलेला अर्ज निघाला. आमच्याच इमारतीचा. "वरच्या मजल्यावर बेकायदा माणसे राहतात, भीती वाटते, सगळा मजला तपासावा." वाचला आणि नियमाप्रमाणे पाकिटात घालून परत ठेवला. हात कामाला इतका सरावलेला, की फाडायचे सुचलेच नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, माझ्यासारख्याच बिनकागदांच्या रंगाऱ्यांना मी सांगितले, ते दुपारीच निघून गेले. मी जाणार नाही. एकदा सगळे टाकून पळाले आहे, मुलीला घेऊन तसे पुन्हा जमणार नाही.

एक. पितळी इस्त्री माझी स्वतःची आहे, लाँड्रीची नव्हे. ती मुलीला द्यावी, पण हा धंदा तिला शिकवू नये.

दोन. मालकांनी अकरा वर्षांत मला बसायला स्टूल दिले नाही. "तक्रार करायची तर कर ना कचेरीत जाऊन," असे हसत म्हणत. माझ्या जागी येणाऱ्या बाईला तरी स्टूल द्यावे. शर्ट मी पूर्ण करून जाते आहे, कॉलर बघून घ्याव्यात.

तीन. खोलीतले सामान, शिवणाचे मशीन, निळी रजई, सगळे मुलीचे.

चार. मुलगी. वय नऊ. जन्म इथला, दाखला गादीखाली आहे, तिला कुणी नेऊ शकत नाही. ती खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे राहावी. शाळेतून ती आधी त्यांच्याच घरात शिरते.

काकू, आता तुमच्याशी बोलते. टीव्ही बघताना तुम्ही म्हणता, "कुठून कुठून येतात आणि डोक्यावर बसतात! तुला नाही गं म्हणत, तू आपली." मी मान हलवते. मी त्यांच्यातलीच आहे, हे सांगायची हिंमत झाली नाही. तुमच्या कपड्यांच्या चिठ्ठ्या मी अकरा वर्षे वाचते आहे. तुमची ओळ उजवीकडे वर चढत जाते. अर्जातलीही चढली होती.

तुम्ही रंगाऱ्यांवर लिहिलेत, मला ठाऊक आहे. तरी राग आला, फार आला. तो मी कुणाच्या नावे करत नाही, सोबत नेते. मुलीला मात्र अर्जाचे कधीही सांगू नका. ती तुमच्या हातचे जेवते, तो घास कडू होऊ नये. तिला झोपताना दिवा लागतो.

स्थळ: लाँड्रीची मागची खोली. मंगळवार, दुपारचे तीन.

सही: इस्त्रीवाली

साक्षीदार, मालक: सही केली. वाचले नाही.

साक्षीदार, खालच्या मजल्यावरच्या काकू: वाचलं. कचेरीत जाऊन आले. अर्ज मागे घेते म्हटलं. म्हणाले, "आजी, निर्धास्त राहा, सकाळी सगळा मजला रिकामा होईल." पोर माझ्याकडे जेवतेय. ओळ या वेळी खाली घसरली. पण सही माझीच आहे.