डॉ. असिस्टंट

३ फेब्रुवारी, सोमवार
आज परत तेच! म्हापशाच्या आमच्या हॉस्पिटलात आमोण्याहून आलेल्या बाईंना मी आधी तपासलं. कधीपासून दुखतं, काय खाल्लं की दुखतं, सगळं विचारलं, पोट दाबून बघितलं, लिहून काढलं. पित्ताशयात खडे असावेत असं डॉ. परेशना सांगितलं. ते आले, सोनोग्राफी बघितली, म्हणाले, खडे आहेत. बाई नवऱ्याला म्हणतात, "बघ, दोतोरान एका नदरेन वळखलां. ही पोरगी उगीच पोट दाबीत बसली."
चार वर्षं शिकले ते हेच — दोतोराच्या आधी पोट दाबणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
म्हापशाचा बाजार, पेडण्याची बस तुडुंब. शेजारच्या वाड्यावरच्या सुलोचनाकाकीने मांडीवरची पिशवी सरकवून जागा दिली. तू नर्स काय? नाही. मग डॉक्टर? नाही. फिजिशियन असिस्टंट, म्हटलं. काकी कानाशी वाकली. मग आवाज उतरवून — डॉक्टरकीत नापास झालीस काय गो? नाही म्हटलं तरी समजूत घालायला दोन केळी दिली. खाल्ली.
पेपरात सरकारी भरतीची जाहिरात. नर्स आहे, फार्मासिस्ट आहे, ड्रायव्हर आहे. मी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
वाड्यावरच्या क्लबचे अध्यक्ष अनंतदादा घरी आले. पुढच्या रविवारी माझा सत्कार — वाड्यावरची पहिली डॉक्टर म्हणून! मी परोपरीने सांगितलं की मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासते, ऑपरेशनला मदत करते. आई आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली की एवढं सगळं करते ती डॉक्टर नाही तर कोण? दादांची अडचण वेगळीच. फिजिशियन असिस्टंट बॅनरवर मावत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बॅनर लागला. तडजोड म्हणे — "डॉ. असिस्टंट सिद्धी यांचे हार्दिक अभिनंदन". पोदेर पाव देताना विचारत होता, लग्न पारशांत झालं काय? असिस्टंट हे आडनाव वाटलं त्याला.

१६ फेब्रुवारी, रविवार
 घडलं तसं लिहिते.
प्रमुख पाहुणे दत्तप्रसाद सर, निवृत्त मुख्याध्यापक. स्त्रीशिक्षणावर भाषण लांबत चाललं होतं. मध्येच थांबले, खाली बसले, रुमालाने कपाळ पुसायला लागले. पंखा तर त्यांच्याच तोंडावर होता! मी जवळ गेले. काही नाही, पित्त, असं म्हणाले, पण डावा हात चोळत होते. नाडी बघितली आणि १०८ ला फोन केला. डॉ. परेशना फोनवर सगळं सांगितलं, त्यांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन चघळायला दिली. अनंतदादा कानाशी — आधी शाल घालून घेऊया, मग काय ती ॲम्ब्युलन्स. मी ओरडले त्यांच्यावर. माइक चालूच होता.
गाडी गेली. मला वाटलं, कार्यक्रम संपला. कसला! सरांच्या रिकाम्या खुर्चीच्या साक्षीने शाल, श्रीफळ. मग स्टेजसमोर रांग लागली. गुडघे, शुगर, अंगावरची खाज. शंभूकाकांनी म्हशीचं विचारलं. दूध कमी देते म्हणे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सरांची अँजिओप्लास्टी झाली. वेळेत पोचले म्हणून वाचले, असं त्यांच्या मुलाला सांगितलंय. डॉ. परेश राउंड घेता घेता नुसते "बरं केलंस" म्हणाले. आज दिवसभर कोणी काहीही बोललं तरी चाललं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
वाड्यावरची बातमी आजच कळली — सर चांगले धडधाकट होते, सिद्धीच्या सत्काराला गेले आणि अॅटॅक आला! शेजारच्या कोमलच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण सगळ्यांना गेलं, आम्हांला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
बेंगळुरूहून ईमेल! माझ्या वर्गातली हर्षा आहे त्याच हॉस्पिटलात, हृदयशस्त्रक्रिया विभाग. पदाचं नाव सरळ लिहिलंय — फिजिशियन असिस्टंट. तीनदा वाचलं. एक मार्चला रुजू व्हायचं. इथे राहून काय, आयुष्यभर केळीच खायची! आईला सांगितलं. जा म्हणाली. वाड्यावर मात्र मुलगी मोठी डॉक्टर होऊन चाललीय असं सांगून आली.

२३ फेब्रुवारी, रविवार
कपाट आवरत होते. आई आली, दार लोटून घेतलं, जनेल पण बंद केलं. म्हणाली, "माज्या छातीत गाठ आसा गो. दिवाळेपासून. दोतोराक दाखवपाक लज दिसता. तू दोतोर न्हय मगे, म्हणून तुका सांगतां."
हात धुऊन तपासलं. गाठ आहे. कडक आहे, हलत नाही. उद्या पहिल्या बसने तिला घेऊन म्हापशाला.