दोन्ही बाजूंनी आरसा

रविवार, ता. ९
सकाळचे साडेनऊ

चि. भुंग्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा हातून चमचा निसटून फरशीवर पडला. टिण्ण. एवढासाच आवाज. पण मी ओट्याशी ताटली हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण अगदी असाच आवाज मी अकरा वर्षांपूर्वी ऐकला होता. कुठला, ते पुढे लिहितो. आधी खुशाली.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सगळं लख्ख दिसेल." म्हटलं, बाई, ह्या वयात तेच तर नको असतं. घरी आलो तर भिंतीवरची कोळिष्टकं दिसली, आरशात हा कोण म्हातारा ते दिसलं, आणि टेबलावर तुझी उत्तर न दिलेली चार पत्रं दिसली. चार वर्षांची चार. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला न चुकता येतं, आणि मी ते वाचून घडी करून ठेवतो. तुला वाटलं असेल, मामाला लिहायचा कंटाळा. अगं, शाळेत निबंधाला पुरवणी मागणारा मी! कंटाळा नव्हता. तेही पुढे लिहितो.

बघ, दोन गोष्टी पुढे ढकलून झाल्या. आमचे गुरुजी म्हणायचे, "कविता पाठ आहे की नाही ते पहिल्या कडव्यात कळत नाही, अडतो तो तिसऱ्यात." तसं माझं झालंय.

गुरुजींवरून आठवलं. धातूच्या चकत्यांचे नमुने घासताना मी कविता म्हणायचो, त्याला सगळी लॅब हसायची. 'घासूमामा' हे नाव त्यातूनच पडलं. पण त्यात हिशेब होता, हे फक्त तुला ठाऊक आहे. जाड्या पॉलिशपेपरवर चार कडव्यांची, बारीक कागदावर आठांची, आणि शेवटी मखमलीच्या कापडावर हिऱ्याची भुकटी लावून फिरवायचं तेव्हा ती वादळात सापडलेल्या नावाड्याची, पुरी बत्तीस कडवी. नावाडी किनाऱ्याला लागला की चकतीत आपलं नाक दिसलंच पाहिजे. घड्याळ नको, काही नको. मागे व्हॅक्यूमचा पंप गुबुक-गुबुक ठेका धरायचा. सगळी नोकरी मी त्या खोलीत काढली, आणि मला ती नेहमी आमच्या चौथीच्या वर्गासारखी वाटायची. खिडकी तशीच उंचावर, ऊन तसंच तिरपं.

मग तू आलीस. नोकरीला लागलीस त्या दिवशी अक्का, म्हणजे तुझी आई, मला म्हणाली, "तू आहेस ना तिथं? मग मला घोर नाही." तुला भुंगा हे नाव मी तू पाच वर्षांची असताना दिलं होतं. एक प्रश्न धरलास की समोरच्याचं डोकं पोखरल्याशिवाय सोडायची नाहीस. लॅबमध्येही तेच. "मामा, हा कागद आधी का? मामा, पाठ खरखरीत का ठेवायची?" मी म्हटलं होतं, पाठ खरखरीत ठेवायची ती आंधळ्यालाही कळावं म्हणून, की ही पाठ आणि हे तोंड. प्रवेगक यंत्रातून येणाऱ्या कणांच्या झोताचा मारा तोंडावर होतो, मोजायचंही तोंडावरच. दोन्हीकडून गुळगुळीत केली तर चकती बिचारी कुणाची, कुठली, काही सांगायची नाही.

म्हणजे नियम मीच तुला शिकवला. हे लक्षात ठेव.

तुझ्या शेवटच्या पत्रातलं एक वाक्य मी पाठ केलंय. कवितेसारखं मुद्दाम नाही, आपोआप झालं. तू लिहिलंस की सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही एवढी मोठी लॅब का सोडली?" आणि तू तिला सांगितलंस, "मी एकदा चुकीचं मोजलं होतं." पुढे मला लिहिलंस, 'मामा, इतकी वर्षं झाली, आता मलाही वाटतं, माझ्याच हातून काहीतरी ढिलाई झाली असणार.'

हे वाक्य वाचल्यावर मी तुला उत्तर लिहायला बसलो, आणि पंधरा दिवस बसूनच राहिलो.

तर आता क्रमानं लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण असंच सगळं एका अर्जात लिहून मी ते शुक्रवारी संचालकांना देऊन आलो आहे.

तुझा तो नवा धातू. ओतीव तुकडा अंगठ्याएवढा, त्यातून धड निघाली एकच चकती. तू म्हणाली होतीस, "मामा, अणुभट्टीच्या आतल्या धातूला चाळीस वर्षांत जे म्हातारपण येतं, ते प्रवेगकाच्या झोताखाली एका दुपारी आणायचं. म्हातारपणी सगळेच धातू कडक आणि ठिसूळ होतात. माझा नाही झाला पाहिजे." मी म्हटलं, "माणसांवर पण होतो का गं हा प्रयोग?" तू म्हणालीस, "तुझ्यावर झालाय की!" आठवतंय?

झोताची पाळी मिळायला तू आठ महिने थांबलीस. आदल्या दिवशी मी चकती घासायला घेतली. भाचीचं काम, तेही पहिलं स्वतःचं. मी इतका खुशीत होतो की नावाडी किनाऱ्याला लागला तरी माझा हात थांबेना. चकती उलटली आणि कविता परत पहिल्यापासून म्हटली. चौसष्ट कडवी झाली, भुंग्या. संपली तेव्हा चकती दोन्ही बाजूंनी आरसा झाली होती. पाठच राहिली नव्हती. मी ती उन्हात धरून बघत बसलो. इतकं सुंदर काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. मग ध्यानात आलं की काय करून बसलो; पण म्हटलं, आता डोळ्यात तेल घालून सांभाळू, झालं. तुला बोललो नाही.

झोताखाली ती तू स्वतः बसवलीस; तोंड वर करून मीच हातात दिली होती, उलटून बघायची तुला गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी साच्यातून मी काढली. ना डाग, ना रंग बदललेला. दोन्हीकडे तसाच आरसा. चिमट्यात धरून कडकपणा मोजायच्या यंत्राकडे निघालो, आणि उंबऱ्यापाशी चिमटा निसटला.

टिण्ण.

तो हा आवाज.

फरशीवर ती दोनदा उडाली, टेबलाच्या पायाशी जाऊन थांबली. मी उचलली, फुंकर मारली, यंत्रात बसवली. कोणतं तोंड वर आलं मला ठाऊक नव्हतं. निम्मी शक्यता होती की बरोबरच बसली असेल. झोत आत शिरतो तो केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. पालथी पडली तर खालच्या बाजूचं वर काही म्हणजे काही कळत नाही. त्याच क्षणी तुला हाक मारली असती तर दोन्ही बाजू मोजून अर्ध्या तासात निकाल लागला असता. पण आपल्या विभागाचे साहेब महिन्यापूर्वीच सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मामांच्या हातून एकतीस वर्षांत नमुना पडलेला नाही." टाळ्या वाजल्या होत्या. त्या टाळ्या माझ्या कानात होत्या.

मोजमाप आलं. धातू मऊच्या मऊ. जणू झोत लागलाच नाही. तू खुर्चीवरून उडालीस. साहेबांना कळवायला निघालीस, आणि दारातून परत फिरलीस. भुंगा तो भुंगा. हसत म्हणालीस, "मामा, चकती पालथी तर नव्हती ना बसली?"

मी म्हणालो, "एकतीस वर्षांत कधी पालथी बसवलीये?"

बघ, मी नाही म्हणालो नाही. खोटंही बोललो नाही, अशी मी कितीतरी वर्षं मनाची समजूत घातली. तू माझा गाल ओढलास आणि पळालीस.

पुढचं तुला माहीत आहे. साहेबांनी घाई केली, शोधनिबंध छापून आला. आठ महिन्यांनी दुसऱ्या लॅबनं तोच धातू ओतून बघितला, तर तो इतरांसारखाच कडक झाला. तिघांची समिती बसली. मला विचारलं, नमुना कुणी बसवला? मी म्हणालो, मी, नेहमीसारखाच. मग म्हणाले, ती चकती आणा, पुन्हा मोजू. मी कपाट उघडलं, डब्या खालीवर केल्या आणि सांगितलं, सापडत नाही.

ती तेव्हा माझ्या घरी होती. आदल्या संध्याकाळीच आणली होती. मोजली असती तर कळलं असतं, म्हणून आणली. माझ्या कवितांच्या वहीच्या पुठ्ठ्यात, तू स्वतः आकडा लिहिलेल्या डबीसकट. समितीनं लिहिलं, 'आकडे रचलेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' तू राजीनामा दिलास. सामान आवरताना तू मला म्हणालीस, "मामा, तू शोधलीस तरी माझ्यासाठी." आणि अक्का जाईपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, "तिचा मामा जवळ होता म्हणून पोर निभावली."

इथं मी उठून पाणी पिऊन आलो.

गेल्या बुधवारी डबी खिशात घालून लॅबमध्ये गेलो. फाटकावर दोन ठिकाणी सही, एक फोटो. कडकपणाच्या यंत्रावर आता ती सुईबाई असते, तुझ्यानंतर वर्षभरात माझ्या हाताखाली शिकली ती, जिच्याशी तुझी पुढे शिक्षकांच्या परिषदेत ओळख झाली. मला बघून ओरडली, "मामा! अजून आहात?"

म्हटलं, "तुझ्या परवानगीची वाट बघत होतो. एवढी एक चकती मोजून दे. दोन्हीकडून."

तिनं हिऱ्याचं टोक एका बाजूला बारा वेळा रुतवलं, मग चिमट्यानं उलटी करून दुसऱ्या बाजूला बारा वेळा. पडद्याकडे बघत म्हणाली, "मामा, हे दोन धातू जोडलेत का?"

"एकच आहे."

"मग एका बाजूला लोणी आणि एका बाजूला दगड कसा?"

तिनं डबी हातात घेतली, वरचा आकडा वाचला, सतरा; तुझ्या शोधनिबंधात छापलेला तोच. तुझा सात ओळखू येतो, शेपटी वळलेला. मग दोन्ही आलेख छापून दिले, खाली आपली सही केली, आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली. वाटेत एक शब्द बोलली नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, भुंग्या. तिच्या गप्प बसण्याइतकं मला समितीचं भय वाटलं नव्हतं.

शुक्रवारी आलेख, चकती आणि अर्ज घेऊन संचालकांसमोर बसलो. तरुण माणूस आहे, सभ्य आहे. म्हणाले, "फार जुनी फाईल आहे हो, मामा."

म्हटलं, "मीही जुनाच आहे. दोघांना एकदमच उघडा."

हसले नाहीत. अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, समितीचा शेरा बदलायचा तर बैठक घ्यावी लागेल, मला येऊन सगळं तोंडी सांगावं लागेल. येतो म्हटलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं मानपत्र बरोबर नेलं होतं, ते परत करू लागलो. ते म्हणाले, हे राहू द्या, ह्याचं आम्ही काय करणार? म्हणून घरी आणलं. कुठं ठेवावं कळत नाही.

एक वाईट गोष्टही तुला सांगायला हवी. धातू काही जगावेगळा नव्हता. दगड झालेली बाजू साफ सांगते, तोही इतरांसारखाच म्हातारा होतो. तेवढं तुझं स्वप्न गेलंच. पण तू मोजलेला प्रत्येक आकडा खरा होता. तू ज्या तोंडावर मोजलंस, ते तोंड खरोखरच मऊ होतं. ढिलाई तुझ्या हातून झाली नाही. त्या सातवीतल्या मुलीला हे सांग.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. लिहून झालं की ते मागणं होतं, आणि मागायला मी

दारावरची बेल वाजतेय. शेजारचे असतील. आलोच.

*

दहा पन्नास.

दारात तूच होतीस.

मी चष्मा कपाळावर ठेवून बघतच राहिलो. खांद्याला पिशवी, कानाशी केस पांढरे झालेले, आणि पहिलं वाक्य, "मामा, किती वाळलायस रे!" इतक्या वर्षांनी. सुईबाईनं फोन केला म्हणालीस. काय म्हणाली ती? "काही नाही रे. म्हणाली, मामाला एकदा भेटून ये, कारण विचारू नकोस. मला वाटलं, तुझं काही बरंवाईट..." आणि तुझे डोळे भरले. पहिली गाडी धरून आलीस. माझ्या काळजीनं.

टेबलावरचे कागद बघून विचारलंस, "एवढं लांबलचक कुणाला लिहितोयस?"

मी म्हणालो, "आहे एक जुनी ओळख."

बघ. पुन्हा तेच.

आता तू आत चहा टाकते आहेस. साखरेचा डबा सापडत नाही म्हणून माझ्या नावानं शंख चाललाय. तो खालच्या फळीवर आहे, पण मी मुद्दाम सांगत नाही, तेवढाच वेळ मिळतो. तू बाहेर आलीस की कप टेबलावर ठेवायच्या आत हे कागद तुझ्या हातात देणार आहे. तोंडानं सांगायला लागलो तर मी कवितेत शिरेन, नाहीतर मोतीबिंदूत. म्हणून त्या दिवशी दारातून परत फिरून तू जे विचारलंस, त्याचं उत्तर इथं लिहून ठेवतो.

हो. पालथी बसली होती. माझ्या हातून.

तुला डबा सापडलेला दिसतो.

— मामा