आकाशातून आलेला होकार

आंद्रोस, संत निकोलसच्या सणाचा दुसरा दिवस

समुद्रावर विराजमान, बिनतारी खात्याचे सर्वेसर्वा चिरंजीव स्तामातिस यांस, वयाने जेमतेम थोर असलेल्या मावसभावाचे, म्हणजे पांदेलिसचे, कोरडे आशीर्वाद. पोट बरं आहे ना? (तुमचा तो आचारी अजून मोकळाच फिरतो का?) इकडे इर्मिनी मावशी, तुझी आई, ठणठणीत आहे. डोकं फक्त माझं उठलं आहे.

काल तुझ्याशी धड बोलणं झालं नाही, त्याचा हा खुलासा. सणाला सगळा गाव नाविक संघाच्या कचेरीतल्या त्या एका रेडिओ यंत्रापुढे गोळा होतो, हे तुला ठाऊकच आहे. मावशीला तुला एकच विचारायचं होतं, बेकरीवाल्याची फोतिनी करणार की नाही. तिचा बाप आता थांबायला तयार नाही. दरवर्षी हा प्रश्न खरखरीत बुडतो, म्हणून यंदा मावशीने मला कामाला लावलं. म्हणाली, "अथेन्सला एवढं खोलीभर हिशोबाचं यंत्र सांभाळतोस, आणि भावासाठी एक लहर धरता येत नाही होय रे?"

म्हणून मी आमच्या प्राध्यापक व्रानासांचा, रेडिओची लहर कुठून कुठे जाईल तो हिशोब काढून यंत्रात घातला. या गृहस्थांनी जन्मात रेडिओची कळ फिरवलेली नाही. उन्हाने वरच्या हवेत विजेचे थर तयार होतात, लहर त्यांत शिरली की वाकत वाकत खाली येते, एवढंच खरं. साहेबांच्या हिशोबात मात्र ते थर बाकलाव्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक शहाण्यासारखे पडून असतात. पहिल्या खेपेला लहरीचा किरण वर जायच्या ऐवजी थेट जमिनीत घुसला, तर हे म्हणाले, "रोचक आहे." (अधिक-उण्याची चूक होती. ती मी काढली, आभार त्यांनी यंत्राचे मानले.) दुसऱ्या खेपेला तो तीन उड्या मारून ब्राझीलच्या किनाऱ्याशी तुझ्या जहाजावर उतरला. वेळ दुपारी चार, लहर सतरा मीटरची. तुला तार केली आणि मावशीला बजावलं, कोणाला सांगू नकोस.

तिने कोणाला सांगितलंही नाही. फक्त शेजारच्या कतिंगोला सांगितलं, तेही शपथ घालून. कतिंगोने जावेला, जावेने पाद्र्याच्या बायकोला, आणि अशा शपथा घालत घालत घराघरातून पोरांना तारा सुटल्या. व्रानासांचा हिशोब आयुष्यात पहिल्यांदा तंतोतंत बरोबर निघाला, आणि अटलांटिकवरचं प्रत्येक आंद्रोसी जहाज चारच्या ठोक्याला त्याच लहरीवर येऊन ओरडू लागलं. माणूस नेहमीसारखा चुकला असता, तर तुझा आवाज तरी ऐकू आला असता. एकाला मोजे हवेत, दुसऱ्याचा दात दुखतोय, तिसरा बापाशी भांडतोय. त्या गलक्यात मावशीने प्रश्न ठोकला, "करतोस का रे फोतिनी?" आणि एक भरदार आवाज स्वच्छ म्हणाला, "होय आई, करतो."

कुठल्या जहाजावरून, कुठल्या आईला, देव जाणे. मी म्हटलं, मावशी, हा स्तामातिस वाटत नाही. तर म्हणे, "पोराचा आवाज आईला शिकवतोस? तुझा तो प्राध्यापक घाल भट्टीत." संध्याकाळपर्यंत गावभर बदामाच्या वड्या वाटून झाल्या. फोतिनीने मला बेकरीच्या दाराशी गाठून विचारलं, आवाज त्याचाच होता का. मी शास्त्राला धरून उत्तर दिलं, की सांगता येत नाही. ते ऐकून तिने मला दोन वड्या जास्त दिल्या, त्याचं कारण मी अजून शोधतो आहे.

तब्येत सांभाळ.

तुझा,
पांदेलिस

ता. क. आवाज तुझा होता की नव्हता, तेवढं बंदराला लागताच तारेने कळव. रेडिओवर मुळीच नको.

आणखी ता. क. नव्हता, असं कळवलंस तर फार बरं होईल. वड्या वाया जाणार नाहीत, मुलगी तीच राहील, मावशीलाही बेकरीवाल्याला घरचाच जावई दिल्याचं समाधान. कारण शोधतो आहे असं वर लिहिलं ते खोटं आहे. मी तिला तिथेच दारात विचारलं. ती म्हणाली, "आधी त्याचा नकार आण, मग तुझं बघू."