शपथ दिली, साक्ष ऐकली नाही

मी, खाली सही करणारा, कोर्टात साक्षीदारांना शपथ देण्याच्या कामावरून निवृत्त झालेला इसम, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरीणबाई म्हणतात. मला स्वतःला तेवढी खात्री नाही.

१. बँकेतली ठेव सुनेला. मुलगा गेल्यावर तिनेच मला सांभाळले.

२. भिंतीवरचे घड्याळ शेजारच्या शिंप्याला. ते मागे पडते, त्याचे कपडेही उशिराच मिळतात, दोघांचे जमेल.

३. माझा काळा कोट कोर्टातल्या टंकलेखकाला मुळीच देऊ नये. तो मला जन्मभर 'पोपट' म्हणाला.

४. माझ्या नावावरचे राहते घर. इथे माझा गोंधळ आहे.

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ आला. म्हणाला, "दादा, घराबद्दल बोलायचंय. खरं तेच सांगतो." हे ऐकताच माझे तोंड सवयीने सुरू झाले, "खरं सांगेन, सगळं खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही." त्यानेही उजवा हात वर करून माझ्यामागून म्हटले. शपथ झाली की माझे काम संपते. साक्ष ऐकणे साहेबांचे. मी खुर्चीत टेकलो आणि माझे लक्षच उडाले. तो बराच वेळ बोलला, डोळे पुसले नि गेला.

सून दारात भाजी निवडत होती. तिला विचारले, "काय गं म्हणाला?"

"तुमच्या वडिलांनी जाताना घर काकांना द्यायला सांगितलं होतं म्हणे. तुम्ही तेव्हा कामावर होतात."

"मग तुझं काय?"

"माझं काय, बाबा? काका म्हणाले ते सांगितलं."

आता काय करावे? भावाची साक्ष शपथेवरची, पण मी ऐकलेली नाही. सुनेची ऐकली, पण ती बिनशपथेची, शिवाय ऐकीव. वडील काय बोलले, देव जाणे. "काका तब्येत विचारत होते," एवढे ती म्हणाली असती तरी मला पत्ता लागला नसता. विचार करून डोक्याचा पार भुगा झाला.

घर सुनेला. भावाने मनात अढी ठेवू नये. वडिलांची आरामखुर्ची न्यावी.

वरील मजकूर खरा आहे असे शेवटी लिहा, असे साक्षीला बोलावलेला न्हावी म्हणतो. माझ्यापुरता खरा आहे. घर तिलाच का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. डोक्यावरचे छप्पर जाईल हे कळत असूनही ती बोलली, आणि तिला शपथ द्यावी असे माझ्या मनातही आले नाही.

सही: शपथवाले
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. समोरचा न्हावी
ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर