घरचा साक्षीदार

३ मे २००४, लुसिकिसिकी, दक्षिण आफ्रिका

बसवत नाही. अंगणात येरझाऱ्या. पुस्तक उघडते, मिटते.

एड्सची औषधं श्रीमंत देशांत कधीच पोचली. आमच्या डोंगरावर आत्ता — तीही आम्ही मोर्चे काढून, घसे फोडून! आणि माझीच धाकटी बहीण, झोलेका, त्यांच्यावाचून वाळते आहे.

दवाखान्याचा नियम असा: घरच्या माणसानं रोज समोर बसून गोळी गिळताना पाहायचं. तिच्या घरात फक्त सासरा. नवरा खाणीत, सासू केव्हाच गेली. आणि सून सासऱ्यासमोर घास तरी तोंडात घालते का? झोपडीच्या पुरुषांच्या बाजूला पाऊलसुद्धा टाकत नाही!

"माझ्याकडे राहायला ये," म्हटलं.

"म्हणजे गाव म्हणेल, रोग हिनंच आणला. नको सिसी." ताईला आमच्याकडे सिसी म्हणतात.

५ मे

दवाखान्यात भांडले. नर्स नोबांतू म्हणाली, "अगं, हे व्यासपीठ नाही. नियम शहरात झालाय."

"शहरात सुना नसतात?"

"असतात. त्या सासऱ्यालाच चहा करायला लावतात!"

सगळी रांग हसली. मला हसू येईना.

औषधाच्या यादीत एकच जागा उरली आहे. शुक्रवारी साक्षीदाराचं नाव दिलं नाही तर दुसऱ्याला जाईल. तोही मरायला टेकलेलाच. त्याच्याविरुद्ध कुठलं भाषण ठोकू?

६ मे

चहा दोनदा उतू गेला. झोलेका एवढंच म्हणाली, "सांग मामंजींना. मी नाही सांगू शकत."

७ मे

झोलेकाचा सासरा, म्हातारा म्झामो, गोठ्यापाशी पाइप ओढत होता. मी तयारीत — हक्क, विज्ञान, सरकार! पहिल्याच वाक्याला त्यानं हात वर केला.

"पोरी, तू फार बोलतेस. रोग माझ्या मुलानं आणला, ते मला कळतं. चल."

दवाखान्यात म्हणाला, "मी तिच्याकडे पाठ फिरवून बसेन. पेला ठेवल्याचा आवाज ऐकेन."

"ऐकून चालत नाही बाबा," नोबांतू म्हणाली. "बघावं लागतं."

त्यानं कागदावर अंगठा उठवला आणि एकही शब्द न बोलता निघून गेला.

हे काय? हो की नाही? मलाच विचारता येईना. मला!

१० मे

आज पहिली गोळी. म्हातारा आपलं स्टूल उचलून बायकांच्या बाजूला आला, तिच्या पुढ्यात बसला. "घे सूनबाई. बघतोय."